डावीकडचा जिना

आमच्या ऑफिसात रोज माणसं मरतात आणि दुपारच्या चहापर्यंत त्यांचा हिशेब पडद्यावर येतो. जो जिथे मेला तिथे एक लाल ठिपका. ठिपके एकाच जागी दाट झाले की ताई कपाळाला हात लावून बसते.

आम्ही युद्धाचे खेळ बनवतो. पाच जण एका बाजूला, पाच जण दुसऱ्या, सगळे आपापल्या घरून इंटरनेटवर. एक टोळी जागा राखते, दुसरी ती घ्यायला येते. बंदुका, धूर, आरडाओरडा. त्यातला आरडाओरडा माझ्या वाट्याचा. गोळी, दार, काच, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पावलं, यांचे आवाज मी करतो. मला ऑफिसात भोंगा म्हणतात. ते माझ्या कामावरून नाही, माझ्या तोंडावरून म्हणतात हे मला ठाऊक आहे आणि मी ते मनावर घेत नाही.

ताई नकाशे करते. नकाशा म्हणजे लढाईची जागा: कुठे भिंत, कुठे गल्ली, कुठून काय दिसावं आणि काय दिसू नये. खेळणाऱ्याला वाटतं आपण आपल्या मनाने धावतोय. तो ताईच्या मनाने धावत असतो. तिला अख्खं ऑफिस ताई म्हणतं, कारण तिचा सख्खा धाकटा भाऊ आमच्याकडेच टेस्टर आहे आणि तो दिवसभर ‘ताई, ताई’ करत असतो. एकदा भर मीटिंगमध्ये मॅडमच्या तोंडून ‘ताई’ गेलं आणि मग ते नावच होऊन बसलं.

टेस्टरचं काम म्हणजे अर्धवट झालेला खेळ सकाळपासून संध्याकाळपर्यंत खेळायचा आणि तो कुठे मोडतो ते सांगायचं. लोकांना वाटतं, काय चैन आहे! एकाच भिंतीवर महिनाभर डोकं आपटून बघा म्हणावं. पण ताईच्या भावाला ते मनापासून आवडायचं. पस्तिशीचा, शांत, लग्नाचं नाव काढलं की खोलीतून उठून जाणारा. बाकीचे टेस्टर माकडासारखे उड्या मारत खेळतात. हा एक जागा धरायचा आणि हलायचाच नाही. समोर कोणी आला की एक गोळी. म्हणून त्याचं नाव खांब.

या वर्षी ताईला पहिल्यांदा स्वतःचा नकाशा मिळाला. आजवर ती दुसऱ्यांचे नकाशे दुरुस्त करत आली होती, म्हणजे दुसऱ्यांच्या घरातली गळती काढत आली होती. या नकाशाचं नाव गोदी. ओसाड पडलेली बोटींची गोदी. मधून रुंद रस्ता, एका अंगाला कालवा, दुसऱ्या अंगाला गोदामं, आणि टोकाला पंपघर. हल्ला करणाऱ्यांनी पंपघर घ्यायचं, राखणाऱ्यांनी ते घेऊ द्यायचं नाही. तिने त्यात जीव ओतला होता. गंजलेल्या साखळ्या, पाण्यावरचा तेलाचा तवंग, भिंतींवरची ओल, सगळं काही. मी तिला म्हटलंसुद्धा, की इथे मरायला येणाऱ्यांना एवढं कौतुक करायला वेळ कुठला मिळणार. ती म्हणाली, “मेल्यावर मिळतो ना. पडल्या पडल्या बघतील.”

घोटाळा एका खिडकीचा होता. पंपघराच्या अलीकडे वजनकाट्याची कचेरी आणि तिच्या वरच्या मजल्यावर एक खिडकी. तिथून रस्ताही दिसायचा आणि कालव्याचं तोंडही दिसायचं. राखणाऱ्यांची मांडणी ठरून गेलेली: दोघे रस्त्यावर, एक कालव्याशी, एक फिरता, आणि खिडकीत खांब. खिडकी खांबाची, हे कोणी ठरवलं नव्हतं, पण तिथे दुसरं कोणी उभं राहिलं तर त्याचं त्यालाच चोरट्यासारखं वाटायचं. हल्ला करणाऱ्यांनी काय काय नाही केलं. धूर फेकला. दोघांनी रस्त्यावर मरायला पळायचं आणि तिसऱ्याने कालव्यातून सरपटायचं, असा डाव रचला. धूर विरला की खिडकीत खांब होताच. दहातल्या आठ लढाया राखणारे जिंकायचे, आणि सगळे लाल ठिपके त्या खिडकीसमोर सांडलेले.

“एवढा एकतर्फी मॅप मी बाहेर सोडू शकत नाही,” मॅडम म्हणाल्या. खेळाचं वेळापत्रक आणि पैसा त्यांच्या हातात, त्यामुळे शेवटचा शब्दही त्यांचाच. “महिनाअखेरच्या आढाव्यापर्यंत बरोबरीला आण. नाहीतर गोदी या वेळी नाही.”

या वेळी नाही म्हणजे कधीच नाही, हे आमच्या धंद्यात शेंबडं पोरही सांगेल.

ताईचा एक नियम होता: चांगल्या जागेच्या बगलेत एक भीती पाहिजे. इतकी नाही की तिथे कोणी उभंच राहणार नाही, पण इतकी की उभं राहणाऱ्याची मान सारखी वळली पाहिजे. तिने कचेरीच्या डाव्या अंगाला बाहेरून एक लोखंडी जिना चढवला. वर दार. खिडकीत उभं राहून रस्त्याकडे बघितलं की हे दार पडद्याच्या अगदी डाव्या कडेला दिसायचं. धुराच्या आडून एक जण जिना चढायचा आणि बगलेतून गोळी घालायचा.

जिना चालला. चालला म्हणजे असा चालला की मीसुद्धा चाट पडलो. आठवड्याभरात लढाया निम्म्या निम्म्या झाल्या. लाल ठिपके रस्ताभर, कालवाभर पसरले, आणि प्रथमच खिडकीच्या आत ठिपके पडले. ते खांबाचे. तो पुन्हा पुन्हा डाव्या दारातून मरायचा आणि हेडफोन काढून ओरडायचा, “ताई, मानलं तुला! येतो कधी, कळतच नाही!” हरल्यावर एवढा खूश झालेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. कॉफीच्या मशीनपाशी नव्या माणसालाही तो सांगायचा, “खिडकीतून मला फक्त माझ्या बहिणीने काढलंय.”

आता माझी पाळी. त्या जिन्यावर तोवर तात्पुरता आवाज होता, मातीवरच्या पावलांचा. लोखंडी जिन्यावर माणूस मातीसारखा मऊ चालतो हे मला सहन होईना. मी खऱ्या लोखंडी जिन्यावर बूट आपटून छान खणखणीत पावलं रेकॉर्ड केली आणि बसवली. दुसऱ्या दिवशी खांब पुन्हा खिडकीत अढळ. पायरी वाजली की गर्रकन वळायचा आणि आलेल्याला दारातच झोपवायचा. आकडे परत बिघडले.

ताई माझ्या टेबलापाशी आली ती तरातराच.

“भोंग्या, तुझ्या लोखंडाने माझा जिना मारला.”

“लोखंड लोखंडासारखंच वाजणार ना? का त्याला चपला घालू?”

“मला माती परत पाहिजे.”

“लोक हसतील.”

“हसू देत. आढावा झाला की तुला काय वाजवायचं ते वाजव.”

प्रकरण मॅडमकडे गेलं. त्यांनी आकडे बघितले आणि माती परत आली. चांगल्या कामाचा असा चिखल झाला की माणसाने काय करावं? मी दोन दिवस ताईशी बोललो नाही. तिच्या ते लक्षातच आलं नाही, म्हणून मग मला जास्तच राग आला.

त्याच आठवड्यात खांब स्कूटरवरून पडला. ऑफिसला येताना रस्त्याच्या डाव्या कडेच्या दिव्याच्या खांबाला घासून गेला. कोपर फुटलं. खांबाला खांब भेटला, यावर ऑफिस दिवसभर हसलं आणि सगळ्यात मोठ्याने मी हसलो. तो घरी बसला आणि त्याच्या जागी खिडकीत आळीपाळीने बाकीचे टेस्टर उभे राहिले.

आणि हल्ला करणाऱ्यांचं काही चालेना. धूर तोच, डाव तोच, जिना तोच, पायऱ्यांवर माझी माती तीच, मऊ. तरी खिडकीतला जो कोणी असेल तो जिन्यावरच्याला टिपत होता. खांबाच्या निम्म्यानेही ज्यांचा नेम नाही, तेसुद्धा टिपत होते. आकडे घसरून होते तिथे गेले.

माझ्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटल्या. मी दोन दिवसांच्या लढायांची चित्रणं काढली, प्रत्येकाला खिडकीतून काय दिसत होतं ती, आणि ताईला खुर्चीत बसवलं.

“आता बघ. माती वाजतेय, ऐकू काही येत नाही. बरोबर? आणि हा पोरगा बघ.”

पडद्याच्या डाव्या कडेला दारात एक सावली हलली. टेस्टर लगेच वळला. गोळी. दुसरा टेस्टर. कडेला सावली, वळला, गोळी. तिसरी तर तेव्हा पाणी पीत होती, मी तिच्या मागेच उभा होतो, तरी तिने बाटली तोंडाला लावलेली असताना टिपला.

“आवाजाची गरजच नाही,” मी म्हणालो. “नुसतं दिसतंय. त्यामुळे माझ्या लोखंडावर खापर फोडायचं नाही. जिनाच मुळात लंगडा आहे.”

ताई माझ्याशी भांडली नाही. म्हणाली, “खांबाची लाव.”

मी त्याची मागच्या आठवड्यातली लढाई लावली. कडेला सावली आली. खांब रस्त्याकडे बघत राहिला. सावली दारातून आत आली, चांगला अख्खा माणूस झाली, बंदूक उचलली. खांब रस्त्याकडे बघत राहिला. मग पडदा लाल.

“अजून एक.”

पुन्हा तेच. मी एकापाठोपाठ एक लावत गेलो. लोखंडाच्या दिवसांतल्याही लावल्या. तिथे पायरी वाजल्यावर तो वळायचा. वाजली नाही की नाही. डावीकडून येणारा त्याला कानाने कळत होता, डोळ्याने कळत नव्हता. भांडण जिंकायला बसलो होतो मी, आणि हे कसलं जिंकणं होतं!

“त्याचं लक्ष नसेल,” मी उगाच म्हणालो.

“त्याचं?” ताई म्हणाली. “खिडकीत?”

नकाशा आरशातल्यासारखा उलटा करून बघायची आमच्याकडे पद्धत आहे. डावं ते उजवं होतं. कोणती बाजू उगाच सोपी जाते, ते त्यातून कळतं. एरवी मामुली तपासणी. ताईने गोदी उलटी केली. जिना आता खिडकीच्या उजवीकडे आला.

खांब कोपराला पट्टी बांधून परत आला तेव्हा तिने त्याला एवढंच सांगितलं, की उलटा मॅप आहे, माती आहे, नेहमीसारखा खेळ. आम्ही दोघं मागे उभे राहिलो. पहिला जिन्यावरून आला, खांबाने वळून टिपला. दुसरा आला, टिपला. टोळीने वैतागून तिघांना एकदम जिन्यावरून पाठवलं. तिघांनाही त्याने दारात आडवं केलं आणि हेडफोन काढून टाळी वाजवली.

“ताई, तुझा जिना गेला कामातून! इतके दिवस काय झालं होतं मला कोण जाणे!”

ताईने हसायचा प्रयत्न केला. तो बघवला नाही मला.

आढावा दुसऱ्या दिवशी होता. खांब गेल्यावर आम्ही टेस्टिंगच्या खोलीत बसलो. मी व्यवहारी माणूस आहे, म्हणून व्यवहाराचंच बोललो.

“हे बघ, त्याला डॉक्टरकडे ने. उद्याच ने. पण मॅपबद्दल तू तोंड उघडू नकोस. खांब गेले दोन दिवस नव्हता, म्हणून ते आकडे मॅडमनी धरलेलेच नाहीत. मातीच्या जिन्यावरचे बाकीचे आकडे बरोबरीचे आहेत. गोदी पास होतेय. नंतर जिना कर दुरुस्त.”

“आणि बाहेर लोक खेळायला लागले की?”

“तासाभरात ओरडतील. मग दुरुस्त कर. कोण करत नाही?”

ती समोरच्या बंद पडद्याकडे वळली.

“मी किती खूश होते, माहितेय?” ती म्हणाली. “तो खिडकीत मरायचा आणि मी ठिपके मोजायचे. वाढले की बरं वाटायचं मला. घरी जाऊन आईला सांगायचे. भोंग्या, त्याला दिसायचं बंद होत होतं आणि मी ते आकड्यांत बघून पेढे वाटायचेच बाकी ठेवले होते.”

“तुला काय माहीत होतं?”

“नव्हतं. पण आता आहे. तो आंधळा होतोय म्हणून पास झालेला मॅप मला नको.”

तिला आणखी एक पेच होता, तो मला उशिरा कळला. नकाशा का बिघडला हे सांगायचं, तर भावाचा डोळा चव्हाट्यावर मांडायचा. टेस्टर सहा-सहा महिन्यांच्या करारावर असतात. कडेचं न दिसणाऱ्या टेस्टरचा करार कोण वाढवेल? आणि त्या माणसाला स्वतःला अजून काही माहीत नव्हतं. त्याच्या आधी मॅडमना कळणं तिला बरोबर वाटेना.

आढाव्यात मॅडम चक्क खुशीत होत्या. आकडे पडद्यावर होते. “छान. गोदी घेतोय आपण,” त्या म्हणाल्या.

“घेऊ नका, मॅडम,” ताई म्हणाली. “बरोबर नाहीये ती.”

“म्हणजे? आकडे तर बरोबर आहेत.”

“आकडे एकाच टोळीवर काढलेत. माझा जिना चुकलाय. बाहेर टिकणार नाही.”

“मग हे आज सांगतेस? महिनाभर काय करत होतीस?”

मॅडमनी आधी तिच्याकडे, मग माझ्याकडे बघितलं. मी, ज्याला भोंगा म्हणतात तो, मूग गिळून बसलो. मॅडमनी खांदे उडवले आणि यादीतून गोदी काढली. टेबलाच्या पलीकडून खांब आपल्या बहिणीकडे आ वासून बघत होता.

बाहेर आल्यावर तो तिच्या अंगावर धावूनच आला. “वेड लागलं का तुला? एक उलटा खेळ जिंकलो म्हणून तू मॅप सोडलास? काल माझा नेम लागला, एवढंच! तुझा जिना चांगला आहे, मी मरतो त्याच्यावर, मी सांगतो ना!”

“चल,” ती म्हणाली. “डोळे तपासायचेत तुझे.”

“माझे? कशाला?”

“चल म्हणते ना.”

गाडी माझी होती, म्हणून मीही गेलो. दवाखान्यात एक यंत्र होतं. त्यात हनुवटी टेकवायची, मधल्या ठिपक्याकडे बघायचं आणि आजूबाजूला कुठेही बारीक उजेड लुकलुकला की हातातलं बटण दाबायचं. खांब खूश झाला. “हे तर आपलंच काम आहे,” म्हणाला. आळीपाळीने एकेक डोळा झाकून त्याने सगळा जीव लावून ते केलं आणि उठल्यावर तंत्रज्ञ बाईंना विचारलं, “किती झाला स्कोअर?” बाईंनी यंत्रातून आलेला कागद फायलीत ठेवला.

डॉक्टरीणबाई वयस्क होत्या, सरळ बोलणाऱ्या. काचबिंदू, त्या म्हणाल्या. डोळ्यात दाब वाढतो आणि मागची नस हळूहळू मरते. दुखत नाही, म्हणून कळत नाही. डावा डोळा जवळजवळ गेलेला. उजव्याची नाकाकडची बाजू जायला लागलेली. “त्यामुळे तुम्हाला डावीकडचं दिसत नाही. पण तिथे काळोख दिसतो असं नाही. तिथे काही आहे हेच कळत नाही. गेलं ते परत येणार नाही. उरलंय ते रोज औषध घातलंत तर राखता येईल. आणि तुम्ही,” त्या ताईला म्हणाल्या, “सख्ख्या बहीण ना? तुमचेही तपासून घ्या.” मग गाडी चालवायची नाही, औषध चुकवायचं नाही, वगैरे. खांबाने सगळं ऐकून घेतलं आणि प्रत्येक वाक्याला शहाण्या मुलासारखी मान हलवली.

ताईचे डोळे तिथेच तपासले. चांगले होते. ते कळल्यावर तिचा चेहरा उलट जास्तच पडला.

औषधाच्या खिडकीपुढे रांग होती. मी रांगेत उभा राहिलो आणि ती दोघं समोरच्या बाकावर बसली, तो उजव्या टोकाला, ती त्याच्या डावीकडे. तो समोरच्या भिंतीकडे बघत होता. मला वाटलं, आता हा कोसळणार. त्याच्या कपाळावर आठ्या पडल्या होत्या, तो कसलातरी विचार करत होता, तसाच, खिडकीत उभं राहून करायचा तसा.

“ताई,” तो म्हणाला, “म्हणजे तुझा जिना मुळात चाललाच नव्हता?”

“नाही.”

“मला नुसतं दिसत नव्हतं.”

“हो.”

“म्हणजे त्या खिडकीतून मला अजून कोणीच काढलेलं नाही.”

“नाही रे,” ताई म्हणाली. “कोणीच नाही.”

त्याच्या आठ्या गेल्या. तो समोरच्या भिंतीकडे बघून हसला, अगदी मनापासून, आणि म्हणाला, “तरीच!”

ताई त्याला खेटून बसली होती आणि आवाज न करता रडत होती. त्याला ते दिसत नव्हतं.